बिल निघायच्या आधी एमबी (मोजमाप पुस्तक) बघा

वाचक विचारतात

या महिन्यात रस्ते, नाल्या आणि पाण्याच्या लाईनवर पत्रं जास्त आलीत, म्हणून हा अंक त्यालाच दिलाय. मी स्वतः नगरपालिकेच्या बांधकाम विभागात नोकरी केली, ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो आणि डेप्युटी इंजिनिअर होऊन रिटायर झालो, त्यामुळं टेबलाच्या आतल्या बाजूनं जे पाहिलं तेच सांगतो.

प्रश्न : काका, आमच्या गल्लीत मागच्या उन्हाळ्यात सिमेंट रोड झाला. पहिल्याच पावसाळ्यात मधोमध भेग पडली, आता तर कडेचे तुकडे निघायलेत. गुत्तेदाराला फोन केला तर म्हणतो माझंच बिल अडकलंय, ऑफिसात गेलं तर म्हणतात अर्ज द्या, अर्ज देऊन तीन महिने झाले. नेमकं कुणाला धरायचं?
– एक गृहिणी, परभणी

उत्तर : ताई, धरायचं ऑफिसला. गुत्तेदाराशी करार तुमचा नाही, महापालिकेचा आहे. त्याचं बिल अडकलंय हे खरं असू शकतं, खूपदा खरंच असतं, पण बिल अडकलं म्हणून दुरुस्ती टाळायची मुभा त्याला करार देत नाही. प्रत्येक कामाच्या टेंडरमध्ये दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, ऑफिसात त्याला डीएलपी म्हणतात. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून तो मोजतात आणि तेवढे दिवस काही फुटलं, उखडलं तर गुत्तेदारानं स्वतःच्या खर्चानं नीट करून द्यायचं असतं. त्यासाठीच प्रत्येक बिलातून थोडे थोडे पैसे सुरक्षा ठेव म्हणून कापून ठेवलेले असतात, आणि तो आलाच नाही तर ऑफिस त्या पैशातून दुसऱ्याकडून काम करून घेऊ शकतं. तुमचा रोड मागच्या उन्हाळ्यातला आहे म्हणजे मुदत बहुतेक चालूच असणार, त्यामुळं आता उशीर करू नका, कारण मुदत संपली की ठेव परत जाते आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

आता भेग का पडली ते बघा, कारण अर्जात काय मागायचं ते त्यावर ठरतं. आपल्याकडं खाली काळी माती. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हाताएवढ्या भेगा पाडते. म्हणून आधी बॉक्स कटिंग करून ती माती काढायची, मुरूम-खडीचा थर टाकून रोलर फिरवायचा आणि मग वर काँक्रीट. हा खालचा थर एकदा झाकला की कुणालाच दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त काटछाट तिथंच होते. दुसरं म्हणजे जाडी. गल्लीचा रोड समजा १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि एस्टिमेटला २० सेंटिमीटर जाड धरलाय, तर काँक्रीट झालं ८० घनमीटर. तोच १५ सेंटिमीटर टाकला तर ६० घनमीटर. चौथा हिस्सा गायब, आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही रोड सारखेच दिसतात. तिसरं पाणी मारणं. सिमेंट रोडवर आळी बांधून किंवा ओलं गोणपाट टाकून निदान दोन आठवडे पाणी ठेवावं लागतं, मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असताना आणि टँकरचे भाव चढलेले असताना नेमकं हेच टाळतात.

हे सगळं कागदावर कुठं सापडतं? एमबीत. म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तक. ज्युनियर इंजिनिअर साईटवर टेप लावून लांबी-रुंदी-जाडी घेतो आणि त्यात लिहितो, डेप्युटी त्यातला काही भाग स्वतः तपासून सही करतो, आणि त्या आकड्यांवरच बिल बनतं. जमिनीखाली जाणारं काम झाकायच्या आधी मोजायचं असतं. मी मनापासून सांगतो, महापालिका आणि गुत्तेदार यांच्यातला सगळा व्यवहार शेवटी त्या एका वहीत येऊन थांबतो. टेंडर किती मोठं, उद्घाटनाला कोण आलं, बोर्डावर कुणाचा फोटो, यापेक्षा ती वही साईटवर भरली का ऑफिसात बसून भरली, एवढंच बघायचं. माझ्या नोकरीत एक वरिष्ठ होते, नाव सांगत नाही, त्यांनी मला न बघितलेल्या नालीची मोजमापं लिहायला लावली होती. मी लिहिली. दोन पावसाळ्यात ती नाली खचली आणि शेजारच्या घराची भिंत पडली, सुदैवानं माणूस दगावला नाही. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे सदर लिहितोय.

तुम्ही माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तीही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांपर्यंतच लिहायची अट आहे, म्हणून पाल्हाळ नको. कामाचं नाव लिहा आणि एस्टिमेट, वर्क ऑर्डर, एमबीची पानं, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे रिपोर्ट आणि डीएलपीची तारीख, एवढंच मागा. क्यूब म्हणजे १५ सेंटिमीटरचे ठोकळे, काम चालू असताना भरून ७ आणि २८ दिवसांनी दाबून फोडतात. एम-३० काँक्रीट असेल तर २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद यायला पाहिजे. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील.

आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीतच नाही. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम २ मधल्या 'ञ' मध्ये कागदांसोबत कामाची पाहणी करायचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कही दिलाय. म्हणजे रोडचा कोअर (यंत्रानं कापलेला गोल तुकडा) काढून जाडी आणि ताकद तपासा असं लेखी मागता येतं. हे मागितलं की ऑफिसात हालचाल होते, हा माझा अनुभव आहे. गल्लीतल्या दहा-पंधरा जणींच्या सह्या घेऊन आयुक्तांच्या नावानं डीएलपीतल्या दुरुस्तीचा वेगळा अर्जही द्या, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रश्न : जायकवाडी भरलेलं असताना आमच्या शहरात आठवड्यातून एकदा नळ, असं वर्षानुवर्षं चाललंय. आधी कंपनी आणली, मग काढली, मग नवी योजना. गुत्तेदार बदलून नेमकं काय बदलतं?
– सेवानिवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गुरुजी, तुमच्या शहरात दोन वेगवेगळ्या पद्धती वापरून झाल्यात, त्यातला फरक समजला की राग कुठं काढायचा ते कळतं. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठाच खाजगी कंपनीकडं दिला गेला, २० वर्षांसाठी. लाईन टाकणं, पाणी वाटणं, पट्टी वसूल करणं, सगळं तिच्याकडं. दोन वर्षांत भांडणं झाली आणि २०१६ मध्ये महापालिकेनं करार मोडला. नंतर राज्य सरकारनं १,६८० कोटींची योजना मंजूर केली, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं, काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली आणि खर्च पुढं २,७४० कोटींवर गेला. या दुसऱ्या पद्धतीत गुत्तेदार फक्त बांधून देतो, पाणीपट्टीशी त्याचा संबंध नाही.

पहिल्या पद्धतीत माझ्या मते मूळ अडचण अशी असते की शहरात खरे नळ किती, गळती किती, बेकायदा जोडण्या किती याची पक्की मोजणी न करताच वीस-वीस वर्षांचे करार होतात. मग कंपनी म्हणते तुम्ही सांगितलं ते निघालं नाही, महापालिका म्हणते तुम्ही काम केलं नाही, आणि नागरिक ड्रम भरत बसतो. दुसऱ्या पद्धतीत दुखणं वेगळं. पैठणहून अडीच मीटर व्यासाची पाईपलाईन आणायची, म्हणजे हायवेची परवानगी, धरणाच्या पाण्यातलं जॅकवेलचं (पाणी उपसायच्या विहिरीचं) काम, पोलादाचे भाव, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं खातं. गुत्तेदार म्हणतो जागा मिळाली नाही, खातं म्हणतं तुझी माणसं कमी आहेत, आणि मुदतवाढीच्या फाईलवर दोघंही खरंच बोलत असतात.

त्यात एप्रिल २०२० ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासक राहिले, म्हणजे सभागृहात उभं राहून जाब विचारणारंच कुणी नव्हतं. म्हणून हे काम शेवटी खंडपीठात जनहित याचिकेवर तपासलं गेलं, तारखेला तारीख देऊन अधिकाऱ्यांकडून प्रगती विचारली गेली. कोर्टानं पाईपलाईनची प्रगती मोजावी लागणं हे मला चांगलं लक्षण वाटत नाही, पण ते झालं नसतं तर आणखी रखडलं असतं असंही वाटतं. तुम्ही आता फक्त आपल्या वॉर्डाकडं लक्ष द्या. मोठी लाईन आली तरी गल्लीतल्या जुन्या वितरण लाईनी बदलल्या नाहीत तर पाणी टाकीपर्यंतच येईल. वॉर्डात किती किलोमीटर टाकली, प्रेशर टेस्ट (दाबानं पाणी भरून गळती बघणं) झाली का, आणि टेस्ट व्हायच्या आधीच खड्डा बुजवला का, हे विचारा.

प्रश्न : सर, मी सिव्हिल डिग्री केलीय, जॉब नाही. मित्र म्हणतात लायसन काढ आणि गुत्तेदारी कर, पप्पा म्हणतात त्यात इमानदार माणूस बुडतो. काय करू?
– एक तरुण इंजिनिअर, जालना

उत्तर : बेटा, पप्पांची भीती खोटी नाही, पण लायसन काढ. लहान कामांमध्ये सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी वाटा राखलेला असतो, सुरुवात तिथून होते. जालन्यात २०२३ पासून नगरपालिकेची महानगरपालिका झालीय, कामं वाढणारच.

फक्त टेंडर भरताना हिशोब घरी कर, चहाच्या टपरीवर नको. ५० लाखांच्या एस्टिमेटला कुणी २२ टक्के बिलो भरलं म्हणजे तो ३९ लाखांत काम करतो म्हणतोय. त्यातून सुरक्षा ठेव कापणार, टीडीएस कापणार, बांधकाम मजुरांच्या कल्याणाचा १ टक्का सेस कापणार, आणि जास्त बिलो असेल तर काम मिळायच्या आधीच जादा सिक्युरिटी भरायला लावतात. चांगल्या काँक्रीटला घनमीटरला साधारण सात-आठ गोण्या सिमेंट लागतं. मग एवढ्या बिलोचे पैसे कुठून निघतात? गोणीतून आणि जाडीतून, दुसरीकडं जागाच नाही. मुख्य गुत्तेदार काम घेऊन पेटीवर, म्हणजे पोटठेक्यानं, दुसऱ्याला देतो तेव्हा तर आणखी एक वाटेकरी मधी येतो, आणि शेवटी साईटवर उभ्या माणसाच्या हातात एस्टिमेटच्या निम्म्याच्या आसपासच पैसा राहिल्याची कामं मी पाहिलीत. पेटीवर काम घेऊ नको, सही दुसऱ्याची आणि जबाबदारी तुझी असं होतं.

दुसरं, टेंडर भरायच्या आधी लेखाशीर्ष बघ. पैसा वित्त आयोगाचा आहे का, नगरोत्थानचा, जिल्हा नियोजनचा का महापालिकेच्या स्वतःच्या फंडाचा. योजनेचा पैसा आलेला असेल तर बिल वेळेत निघायची शक्यता तरी असते, स्वतःच्या फंडातलं असेल तर घरपट्टी-नळपट्टी वसूल होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तोपर्यंत खडीवाला, सिमेंटवाला तुझ्या दारात. निदान सहा-आठ महिने बिल आलं नाही तरी चालेल एवढंच मोठं काम घे. बँकेचं कर्ज काढून पहिलंच मोठं काम घेऊ नको, आईचे दागिने तर अजिबात नको.

आणि क्यूब साईटवरच भर. बाहेरून चांगले ठोकळे आणून लॅबला पाठवायची सवय एकदा लागली की सुटत नाही, तुझ्याआधीच्या किती तरी पोरांची सुटली नाही.

प्रश्न : आमच्याकडं डांबरी रोड झाला आणि पंधरा दिवसांत पाईपवाल्यांनी खोदला. लातूरकरांनी २०१६ ला रेल्वेनं पाणी प्यायलंय, त्यामुळं पाईपलाईनला आमचा विरोध नाही, पण आधी खोदून मग रोड करता येत नाही का?
– एक दुकानदार, लातूर

उत्तर : करता येतं, पण रोडचा पैसा एका योजनेतून येतो आणि पाईपचा दुसऱ्या, दोन्हीची खर्चाची मुदत वेगळी. मार्च जवळ आला की ज्याचा पैसा परत जाणार असतो तो आधी काम उरकतो. पाईपच्या टेंडरमध्ये रस्ता पूर्ववत करायचा आयटम आहे का ते बघा, बहुतेक असतोच आणि त्याचं बिलही निघतं. खोदलेल्या पट्ट्यात मुरूम थराथरानं दाबून वर डांबर टाकलंय का नुसती माती लोटलीय, त्याचे तारखेसह फोटो काढून आत्ताच ऑफिसला द्या, त्यांचं बिल अजून निघालेलं नसेल.