फेब्रुवारीत घरातल्या झाडांची पानं पिवळी पडतायत, पाणी वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की संक्रांतीनंतर मनी प्लांटची खालची पानं पिवळी पडू लागली आणि आता ऊन वाढतंय म्हणून पाणी नि खत दोन्ही वाढवायचा विचार आहे. जरा थांबा. आधी कुंडीत बोट घाला.

दोन पेरं आत खुपसा. माती बोटाला चिकटून आली तर पाणी कमी नाही, जास्त झालंय. आमच्या पुण्यात या दिवसांत दुपारी पारा तिशी ओलांडतो, पण पहाटे बारा-तेरावर उतरलेला असतो. दुपारचा उकाडा आपल्याला जाणवतो. कुंडीतली माती अजून गार आहे, मुळं पाणी ओढत नाहीयेत, हे कुठे दिसतंय? शेतात वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी ओल, बघतात तसा कुंडीतही बघायचा.

माझा स्नेक प्लांट असाच गेला. वरून टवटवीत. धूळ पुसायला पान धरलं तर अख्खं पान हातात आलं, बुडाशी पिकल्या केळ्यासारखं मऊ, आणि वास तर विचारूच नका. खालच्या ताटलीत पाणी साचलेलं होतं. आता स्नेक प्लांटला पाणी थंडीत तीन आठवड्यांनी एकदा, तेही माती पूर्ण सुकली तरच. कुंडीभोवती बारीक चिलटं उडत असतील तर तीही ओल्या मातीचीच चुगली समजा.

दुसरं म्हणजे ऊन जागा बदलतं. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं. मार्चच्या विषुवदिनापर्यंत, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात तोवर, तो 71 अंशांवर चढतो आणि तेच ऊन खिडकीच्या कट्ट्यापाशी अडतं. म्हणजे सोफ्याजवळच्या तुमच्या कुंडीला हळूहळू अंधार होतोय आणि पाणी मात्र तेवढंच! ती हातभर खिडकीकडे सरकवा. पश्चिमेच्या बाल्कनीत उलटं, तिथलं ऊन आता चावायला लागेल, कुंड्या आत घ्या.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या बोळ्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. एकदा मारून भागत नाही, दर आठवड्याला, तीन-चार वेळा.

खत द्यायचं ते शेंड्याला नवी पालवी दिसल्यावर, मूठभर गांडूळखत पुरे. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, खुडून टाका.

बाल्कनीत मोगरा असेल तर त्याची गोष्ट वेगळी. त्याची छाटणी अजून केली नसेल तर याच रविवारी करा. जीव खालीवर होतो, पण निम्म्याने कापा, उरलेली पानंही ओरबाडा, शेणखत घाला. कळ्या नव्या फुटीवरच येतात.