वाचकांचे प्रश्न : कडा, कुरव आणि अर्धी ओळख

प्रश्न (रत्नागिरी) : जांभ्याचे कडे आणि त्यांच्यापुढून उडणारे कुरव (सीगल) यांचे फोटो मला चित्रासारखे, अर्धअमूर्त हवे आहेत. माझ्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि ७०-३०० झूम आहे. लांबून काढले तर पर्यटनाचं पोस्टर होतं, जवळ गेलं तर घरचे विचारतात, "हे काय आहे?"

उत्तर : हा प्रश्न पडायलाच हवा. फक्त त्याचं उत्तर दोन-तीन सेकंदांत त्याच फोटोत सापडलं पाहिजे, आणि ते उत्तर म्हणजे तो पक्षी. म्हणून आधी क्षितिज चौकटीबाहेर काढा. क्षितिज दिसलं की डोळा 'समुद्रकिनारा' म्हणून मोकळा होतो, पुढे काही शोधत नाही. मग २०० ते ३०० मिमीवर जाऊन सगळी चौकट कातळाने भरा. त्यासाठी कड्याच्या माथ्यावर नको, वळणाच्या पलीकडच्या टोकावर उभे राहा.

पक्ष्याचा आकार चौकटीच्या रुंदीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा ठेवा. त्याहून बराच मोठा झाला तर तो पक्ष्याचा फोटो, बराच लहान झाला तर सेन्सरवरची धूळ. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकंही तेव्हा पांढरं असतं, कानामागे तेवढा काळसर ठिपका. त्यामुळे तो उन्हातल्या तांबूस जांभ्यावर हरवतो आणि सावलीतल्या कपारीपुढे लख्ख उठतो. पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत बसू नका. एक काळी कपार निवडा, कातळावर फोकस पक्का करा, ॲपर्चर एफ/८, शटर १/१००० सेकंद ठेवा आणि पक्षी तिथे येण्याची वाट पाहा. कडा १०० मीटरवर असेल तर ३०० मिमीला एफ/८ वर त्याच्या पुढचे वीसेक मीटर नेटके येतात. पक्षी त्याहून अलीकडे आला तर खुशाल सोडून द्या.

उजेडाबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर संध्याकाळचं ऊन रंग देतं, पण ते समोरून येत असल्यामुळे खाचखळगे सपाट करतं. पोत हवा असेल तर दुपारी सूर्य नुकताच माथा ओलांडतो तेव्हा पाहा; ऊन कड्याला घासत खाली उतरतं आणि प्रत्येक भोकात सावली बसते. हरिहरेश्वरच्या कातळाला खाऱ्या पाण्याने मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाडली आहे, ती तेव्हाच खरी दिसते. मात्र दुपारी तापलेल्या कातळावरून हवा थरथरते आणि ३०० मिमीला सगळं मऊ पडतं. ते नंतर संगणकावर सुधारत नाही. फेब्रुवारी-मार्चपेक्षा डिसेंबर-जानेवारीत हा त्रास कमी.

प्रश्न (पुणे) : मल्टिपल एक्स्पोजरमध्ये आठ फोटो एकावर एक घेतले. कडा छान आला, पण पक्षी भुतासारखे पुसट आहेत. कॅमेरा बिघडला आहे का?

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, मोड चुकला. तुम्ही 'ॲव्हरेज' ठेवला असणार. त्यात एका जागी पक्षी आठांपैकी एकाच फोटोत असतो आणि उरलेल्या सात फोटोंत तिथे कातळच असतो. म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला एक अष्टमांश येतो, तो पुसट दिसणारच. 'ॲडिटिव्ह'मध्येही प्रत्येक फोटो तीन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवावा लागतो, म्हणून परिस्थिती तीच.

पांढरा पक्षी आणि गडद कातळ असेल तर 'ब्राइट' निवडा. काही कंपन्या त्यालाच 'लायटन' म्हणतात. प्रत्येक जागी आठांतला सर्वांत उजळ ठिपका टिकतो, त्यामुळे आठही कुरव पूर्ण पांढरे येतात. उलट, उजळ आभाळावर घारी असतील तर 'डार्क'. एक्स्पोजर एकाच फोटोचा असतो तसाच ठेवायचा, कमी करायचा नाही. पूर्ण मॅन्युअल, ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद. दोन फोटोंत सेकंदभर अंतर ठेवा, नाहीतर पक्षी एकमेकांत अडकून पांढरा पट्टा होतो. (पट्टाच हवा असेल तर एकच फोटो अर्ध्या सेकंदाचा घ्या. एफ/११ ला १/६० येत असेल तर उजेड अडवणारा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावून एक सेकंद मिळतो, पाच स्टॉपचा लावून अर्धा.)

या मोडचा सापळा म्हणजे फेस. लाट दर वेळी वेगळ्या जागी फुटते आणि 'ब्राइट' सगळा फेस गोळा करतो. आठव्या फोटोपर्यंत खालचा तिसरा हिस्सा दुधाळ होऊन पक्षी गिळतो. पाण्याची रेघ चौकटीखाली ढकला. कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर सुटे फोटो काढून फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये थरांना 'लायटन' द्या. परिणाम तोच, शिवाय नको तो पक्षी काढता येतो.

प्रश्न (लीड्स, इंग्लंड) : जूनमध्ये बेम्प्टनला जाणार आहे. गेल्या वर्षी दुपारचे फोटो निळसर-करडे आले आणि गॅनेट (मोठे पांढरे समुद्रपक्षी) जळाले.

उत्तर : यॉर्कशरचे ते खडूचे कडे साधारण ईशान्येकडे तोंड करून आहेत. दुपारी ते सावलीत असतात आणि त्यांच्यावर फक्त आभाळाचा निळा उजेड पडतो. पुढून उडणारा गॅनेट मात्र उन्हात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सावलीतल्या कड्याकडे पाहून एक्स्पोजर वाढवतो आणि पक्षी पांढराफटक होतो. मॅन्युअलवर उन्हातल्या पक्ष्याचा एक्स्पोजर धरा, हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड मोकळी ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. कडा गडद निळा पडेल, पडू द्या. आम्हाला तरी तो पांढऱ्या खडूपेक्षा जास्त आवडतो. ऊनच हवं असेल तर पहाटे गाठा. जूनमध्ये तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो.

गॅनेटच्या पंखांचा विस्तार पावणेदोन मीटरच्या आसपास असतो आणि तो कड्याच्या वाऱ्यावर सावकाश तरंगतो. त्यामुळे १/१५ ते १/३० सेकंदाला त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवला की खडूचे थर आडव्या रेघा होतात आणि काळी पंखटोकं तेवढी ओळखू येतात. दहातले नऊ वाया जातील. कुंपणाच्या आतच राहा. तिथला गिलेमॉट हा समुद्रपक्षी घरटं न बांधता उघड्या खडकावर अंडं घालतो. पक्षी दचकून एकदम उडाले की अंडी खाली जातात. ड्रोनचा विचारही नको.

प्रश्न (अलिबाग) : कातळावर उतरण्याची वेळ कशी ठरवायची?

उत्तर : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशेब अंदाजापुरता चालतो, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाला, ऐन रंगाच्या वेळी. अष्टमीला याच्या उलट, संध्याकाळी पाणी भरलेलं. पण उधाणाचं पाणी उतरतं तितकंच वेगाने चढतं. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, पाणी फिरलं की सामान आवरा. पावसाळ्यात अजिबात उतरू नका. तेव्हा कुरवही नसतात.

घरी आल्यावर काचेवरचं मीठ कोरड्या कापडाने पुसू नका, चरे पडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, शेवटी कोरडं. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर महिन्याभरात लॉक अडकतील.