मुलीच्या तिसऱ्या परीक्षेआधी स्वतःची छाती तपासा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग (कास्टिंग) घासून साफ करण्यात, तुमची १८ वर्षं गेली आणि अजून तिथेच आहात. मुलीने वैद्यकीय प्रवेश परीक्षा तिसऱ्यांदा द्यावी, हा तुमचा आग्रह. तिला मात्र ‘इंडस्ट्रियल हायजीन’ शिकायचंय, म्हणजे कारखान्यातली धूळ, वायू, आवाज मोजून त्यांना आवर घालायचं काम. ‘मी धूळ खाल्ली, आता तिनेही खायची का?’ असं तुम्ही विचारता. आणि जाता जाता लिहिता की हल्ली जिना चढताना दम लागतो, पण ते वयामुळे असेल.

वयावर ढकलून हा विषय सोडू नका. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बहुतेकदा १० वर्षांहून जास्त काळ धूळ घेतल्यावर दिसतो. धूळ फार असेल तर त्याआधीही. फुप्फुसावरचे व्रण भरून येत नाहीत, काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो आणि क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच. तुम्हाला तोच आजार आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा, एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून श्वासाची ताकद मोजायची चाचणी) करून घ्या. कोणतं काम, किती वर्षं, पाणी मारून घासता की कोरडंच, हे न विचारता सांगा. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असं बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली लिहिलं. तरी आजही तो प्रश्न राहून जातो. आणि तुमच्या शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्यांनाही तपासणीला पाठवा.

आता मुलीबद्दल. दोनदा परीक्षा देऊन ती स्पष्ट ‘नको’ म्हणतेय. तिसरी परीक्षा तिची नाही, तुमची आहे. तुम्ही सोसलं ते तिच्या वाट्याला येऊ नये, ही तळमळ मला समजते. पण त्यासाठी तिचं आणखी एक वर्ष घ्यायचा हक्क तुम्हाला नाही.

‘मास्क वाटायला पदवी कशाला?’ हा तुमचा मोठाच गैरसमज आहे. डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशात अडकते किंवा खाली बसते. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारे कण साधारण ४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असतात. केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास. हे बारीक कण हवेत तासन् तास तरंगतात, म्हणून शेड स्वच्छ दिसत असतानाही हवा वाईट असू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. म्हणून कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप लावतात, नळी कॉलरपर्यंत आणतात आणि पाळीभर त्याच्या नाकाजवळची हवा फिल्टरमधून ओढतात. मग त्या फिल्टरवर सिलिका किती, हे प्रयोगशाळेत काढतात. अमेरिकेने २०१६ साली ठरवलेली मर्यादा ८ तासांच्या सरासरीने घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एवढीशी धूळ नजरेने कोण मोजणार? आणि आकडा जास्त आला तर आधी वाळू बदलता येते का, पाणी मारता येतं का, ग्राइंडरलाच धूळ ओढणारा हूड बसतो का, हे बघायचं. मास्क सगळ्यात शेवटी.

वाट सरळ आहे: विज्ञान किंवा इंजिनीअरिंगची पदवी आणि त्यावर औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम.

या कामात तिलाही शेडमध्ये जावं लागेल, पण नीट बसणारा रेस्पिरेटर, म्हणजे बारीक धूळ गाळणारा मास्क, लावून आणि मोजक्या पाळ्यांपुरतं. १८ वर्षं ग्राइंडरवर उभं राहणं वेगळं. खरी अडचण दुसरीच आहे. तिने काढलेला आकडा मालकाला आवडणार नाही, तो कमी दाखव म्हणून दबाव येईल. तेव्हा ती ठाम राहील का, एवढंच तिला विचारा. ती हो म्हणाली तर इंडस्ट्रियल हायजीनचा फॉर्म भरू द्या.