‘डिसरप्ट’ म्हणजे नेमकं काय? ते ‘डिस्टर्ब’ आणि ‘इंटरप्ट’पेक्षा वेगळं कसं?

तुम्ही विचारलेल्या तिन्ही शब्दांना कोशात ‘अडथळा आणणे’ हा एकच अर्थ सापडतो, म्हणून गोंधळ होतो. भाषांतर करताना मी एकच गोष्ट बघतो: बिघडलं काय? मन किंवा शांतता बिघडली तर डिस्टर्ब. चालू गोष्ट मधेच थांबली तर इंटरप्ट. आणि लागलेली घडीच विस्कटली तर डिसरप्ट. मराठीत त्याला सगळ्यांत जवळचं म्हणजे ‘विस्कळीत करणे’.

भाषण चालू असताना कुणी मधेच प्रश्न विचारला, तर त्याने वक्त्याला इंटरप्ट केलं. उत्तर मिळालं की भाषण पुढे सुरू. पण दहा जण घोषणा देत व्यासपीठावर चढले आणि सभाच उधळली, तर त्यांनी सभा डिसरप्ट केली. झोपेचंही तसंच. फोन वाजून जाग आली, तर तुम्ही डिस्टर्ब झालात. महिनाभर कामाच्या पाळ्या बदलत राहिल्या आणि झोपेचं चक्रच बिघडलं, तर झोप डिसरप्ट झाली.

या क्रियापदाचं कर्म बहुधा माणूस नसतं. सभा, वाहतूक, पुरवठा, दिनक्रम असं काहीतरी असतं. म्हणून कुणाच्या खोलीत डोकावताना ‘सॉरी टू डिसरप्ट यू’ म्हणू नका, तिथे ‘डिस्टर्ब’च हवं. ही चूक फार ऐकू येते.

मूळ लॅटिन ‘रुम्पेरे’, म्हणजे तोडणे, फोडणे. इंटरप्ट, करप्ट, बँकरप्ट आणि ज्वालामुखीचं इरप्ट ही सगळी त्याच घरातली भावंडं. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला ज्वालामुखी इरप्ट झाला आणि त्याच्या राखेने युरोपची विमान वाहतूक कित्येक दिवस डिसरप्ट केली. विमानं एका ठिकाणी अडली, कर्मचारी दुसऱ्याच ठिकाणी. आकाश मोकळं झाल्यावरही वेळापत्रक लगेच रुळावर आलं नाही. ‘इंटरप्ट’ तिथे तोकडं पडलं असतं.

उद्योगजगतात मात्र हा शब्द कौतुकाने वापरतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी १९९५ मध्ये जोसेफ बोवर यांच्यासोबत लिहिलेल्या लेखापासून तो अर्थ रुजला: सुरुवातीला साधी, कमी कुवतीची वाटणारी वस्तू हळूहळू सुधारते आणि प्रस्थापितांची बाजारपेठ घेते. त्यांचं आवडतं उदाहरण संगणकात माहिती साठवणाऱ्या डिस्क ड्राइव्हचं. आकाराने लहान ड्राइव्ह आधी साठवणुकीत कमी पडत, म्हणून मोठ्या कंपन्यांनी त्यांना मनावर घेतलं नाही, आणि पुढे त्याच लहान ड्राइव्हनी मोठ्यांना हटवलं. इथे ‘विस्कळीत करणे’ चालत नाही. मी ‘उलथापालथ घडवणे’ लिहितो.