सूज आणणाऱ्याच पेशी ठणकाही उतरवतात

प्रश्न : अंबाझरी तलावाकाठी फिरताना पाय मुरगळला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. पण पहिले तीन दिवस टाकीचं पाणी घोट्यावर घेतलं की पोळायचं, हाताला मात्र तेच पाणी नुसतं कोमट लागायचं. पाचव्या दिवशी गोळी न घेताच ठणका उतरला. हे कसं?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारं टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते साधारण ४३ अंशांना जागं होतं. सुजेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायनं तयार होतात आणि ही पातळी खाली ओढतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं चाळीस अंशांचं पाणी म्हणूनच हाताला सोसतं, पण सुजल्या घोट्याला चटका देतं. पातळी आणखी उतरली की अंगाची उष्णताही पुरते. पाय नुसता टेकवून ठेवला तरी ठसठसतो, त्याचं हे एक कारण.

आता ठणका उतरण्याचं. दुखापतीनंतर काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, मागोमाग मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट. दुखणं वाढवणारी रसायनं या पेशी सोडतात, पण त्यांच्याच पोटात बीटा-एन्डॉर्फिन आणि एन्केफॅलिन ही मॉर्फिनच्या जातकुळीची द्रव्यंही भरलेली असतात. शरीरावर ताण आला की सिंपथेटिक मज्जातंतूंतून नॉरअॅड्रिनलिन सुटतं. ते आणि सीआरएच नावाचं संप्रेरक यांच्या इशाऱ्यावर पेशी हा साठा तिथल्या तिथे मोकळा करतात. काम जागेवरच होत असल्याने गुंगी येत नाही.

पण मग पाच दिवस का लागावेत? ही द्रव्यं पकडणारी प्रथिनं, म्हणजे ग्राहक, कंबरेच्या मणक्यांजवळच्या गुच्छिकेत (मज्जापेशींच्या पुंजक्यात) तयार होतात आणि मज्जातंतूच्या आतून खाली येतात. त्यांचा वेग दिवसाला जास्तीत जास्त ४० सेंटिमीटरच्या आसपास, आणि कंबरेपासून घोटा जवळजवळ मीटरभर लांब. म्हणजे प्रवासातच अडीच-तीन दिवस जातात. पेशींची गर्दीही तोवर वाढत असते.

हे नुसत्या उंदरांत दिसलेलं नाही. वेदनेचे संशोधक क्रिस्टोफ स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या सांध्यात नॅलोक्सोन टोचलं. मॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं हे औषध. दुखणं वाढलं. सांध्यातच काहीतरी ते दाबून धरत होतं, हे त्यातून कळलं.

प्रश्न : मग गोळी घेतल्याने हे काम बिघडतं का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : थोडी शंका आहे, पण म्हणून कुणी कळ सोसत बसू नये. कंबरदुखीवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं दुखणं बरं झालं, त्यांच्या रक्तात सुरुवातीला न्यूट्रोफिल जोमाने कामाला लागले होते. त्याच अभ्यासात उंदरांना डायक्लोफेनॅक किंवा डेक्सामेथासोन ही सूज उतरवणारी औषधं दिल्यावर तेव्हापुरतं बरं वाटलं, पण दुखणं जास्त दिवस रेंगाळलं. माणसांतला पुरावा अजून निरीक्षणाचाच आहे. तरीही साध्या मुरगळीला पहिल्या दिवसापासून आठवडाभर सूज उतरवणारी गोळी घेण्याची घाई नको, असं आमचं मत.

गरज पडली तर प्रौढांनी आधी पॅरासिटामॉल घ्यावं. एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर आधी विचारा. गडबड होते ती जोडगोळीत. डायक्लोफेनॅकच्या पुष्कळ पट्ट्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं आणि लोक वरून ताप उतरवायला आणखी एक घेतात. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. पारा ४५ वर असतो, घाम जातो, पाणी कमी पडतं. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला प्रोस्टाग्लँडिनच कामी येतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तेच तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे उन्हातून सुकून आल्यावर ही गोळी घेऊ नका. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांना धोका जास्त. पावसाळ्यात तापासोबत अंग मोडून आलं, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अॅस्पिरिन बंद. रक्तस्रावाची भीती असते.

प्रश्न : आई तेल लावून जोरात चोळते. चालेल?
– एक वाचक, महाल

उत्तर : पहिले दोन-तीन दिवस जोरात नको. फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा वाहतात आणि सूज चढते. घोट्याच्या वर, पोटरीवर हलका हात फिरवायला हरकत नाही. स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, हे मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. आईच्या हाताने बरं वाटतं ते खरंच. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सोसेल तसा घोटा वर-खाली हलवत राहा. मात्र चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढा.