वाढदिवस आणि छोटा हत्ती

"वाढदिवसाच्या दिवशी मला रडू येतं, माझ्यात काही बिघडलंय का?" हा प्रश्न मला समुपदेशनात इतक्यांनी विचारलाय की आता मी मोजणं सोडलंय. आजची गोष्ट त्यातल्याच एकीची, फक्त तिच्या वाढदिवसाला घर रिकामं करायचंही होतं. तिची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी मराठवाड्यातली, पुण्यात आयटीत, सहा वर्षांत तिसरा फ्लॅट. रूममेटचं मे महिन्यात लग्न झालं, मग मालकांनी सांगितलं की मुलगा परत येतोय, अ‍ॅग्रीमेंट पुढे वाढवणार नाही. आणि अ‍ॅग्रीमेंट संपायची तारीख म्हणजे नेमका हिचा तिसावा वाढदिवस. ती म्हणाली, बघा ना मॅडम, नशीबच. मी म्हटलं नशीब कसलं, हे 11 महिन्यांचं गणित आहे, करार दर वेळी एक महिना अलीकडे सरकतो, भाड्यानं राहत राहिलं तर कधी ना कधी तो वाढदिवसाच्या महिन्यात येणारच. यावर ती पहिल्यांदा हसली.

त्या दिवशी झालं असं की सकाळी आठचा टेम्पो सांगितलेला, छोटा हत्ती, तो आला साडेदहाला. वॉचमन म्हणे सेक्रेटरीचं पत्र दाखवा, त्याशिवाय सामान खाली जाणार नाही, सेक्रेटरी फोन उचलेना. मालक भिंतीवरची खिळ्यांची भोकं मोजत फिरत होते आणि पेंटिंगचे म्हणून डिपॉझिटमधून 4 हजार कापणार म्हणाले. या सगळ्यात आईचा व्हिडिओ कॉल, औक्षण करायचंय, तू तिकडे निरांजन लाव मी इकडून ओवाळते. निरांजन कुठल्या खोक्यात गेलं हिला आठवेना. आई सहज बोलून गेली, "अगं किती दिवस अशी बिऱ्हाडं हलवणार?" झालं. फोन ठेवला आणि बेडरूममध्ये, जिथे पलंगाच्या पायांचे चार डाग उरले होते तिथे बसून ही अर्धा तास रडली, खाली टेम्पोवाले काका हॉर्न वाजवतायत.

चार दिवसांनी माझ्याकडे आली तेव्हा प्रश्न ठरलेला होता. "मला डिप्रेशन आलंय का? टेम्पोत सामान बघितलं आणि वाटलं, तीस वर्षांत एवढंच जमलं."

आधी मी साधे प्रश्न विचारते. झोप कशी आहे, जेवण जातंय का, आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का, हे असं किती दिवस चाललंय, जगू नये असं मनात येतं का. उदासी किंवा कशातच रस न वाटणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं आणि सोबत झोप, भूक, ताकद यांची वाट लागली तर आपण डिप्रेशनचा विचार करतो आणि तपासून घ्यायला सांगतो. (असं कुणाचं असेल तर थांबू नका, टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.) हिचं तसं नव्हतं. नव्या घरी दुसऱ्याच दिवशी गाढ झोपली होती, मिसळ खाऊन आली होती.

मग मी जरा शहाणपणा करायला गेले. 1967 साली होम्स आणि राही या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे मार्क दिले होते, जोडीदाराचा मृत्यू 100, राहतं घर बदलणं 20, ते तिला सांगितलं. तिचा चेहरा पडला, "फक्त वीस?" चुकलंच माझं. रडून आलेल्या माणसाला मार्क कशाला सांगायचे. त्या यादीत वाढदिवस तर नाहीच, नाताळ आहे, 12 मार्कांचा.

खरी गोष्ट वेगळीच निघाली, मी विचारलं की त्या दिवशी सोबत कोण होतं. कुणीच नाही. का? तर आठवडाभर आधी हिनंच सगळ्यांना मेसेज टाकलेला की यंदा शिफ्टिंग आहे, काही करू नका, प्लीज केक वगैरे आणू नका. ऑफिसमधली मैत्रीण मदतीला येते म्हणाली तर तिलाही नको नको. आणि मग रात्री बारा वाजता फोन सायलेंटवर टाकून दर दोन मिनिटांनी उघडून बघत होती, कुणीतरी आपलं न ऐकता येईल म्हणून. आपल्याकडे हे फार आहे, तोंडानं नको म्हणायचं आणि समोरच्यानं आग्रह करायची वाट बघायची, जेवणाच्या पंगतीत ते चालतंही, पण शहरात लोक तुमचं नको खरं मानतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मी तिला एवढंच सांगितलं, एका माणसाला एक नेमकं काम सांग. मदत लागली तर सांगते असलं मोघम नाही, दिवस, वेळ आणि काय करायचं ते. तिथेच बसून तिनं मैत्रिणीला टाइप केलं, शनिवारी अकराला खोकी उघडायला ये, पोहे करते. तीनदा पुसलं, चौथ्यांदा पाठवलं. उत्तर दोन मिनिटांत आलं, "नवऱ्यालाही आणते, ड्रिल मशीन आहे आमच्याकडे."

आईच्या त्या वाक्याबद्दलही बोललो. मी म्हटलं, तू आईला ते लागलं म्हणून सांगितलंस? नाही. मग त्या रात्री तिनं फोन करून सांगितलं. आई थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, अगं तारखेचा झाला म्हणून काय झालं, मी येते.

पुढच्या सेशनला मोबाइलवर फोटो दाखवला, अर्धवट उघडलेल्या खोक्यांमध्ये पाट, त्यावर ही. निरांजन "किचन - इतर" लिहिलेल्या खोक्यात मिक्सरच्या भांड्यात सापडलं. सुपारी मात्र मिळाली नाही, आईनं नुसत्या अंगठीनंच ओवाळलं.

डिपॉझिटच्या 4 हजारांवरून मालकांशी अजून चालूच आहे.