क्रिएटिनिन ४.२, वय ७९

किडनी विभागातल्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी दोन उलट्या तोंडांनी येते. "आता ह्या वयात डायलिसिस कशाला?" आणि "वय झालं म्हणून डॉक्टर हात आखडता घेतायत का?" पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच घरातली असतात. पहिलं आजारी माणसाचं, दुसरं त्याच्या मुलाचं. खाली अशाच एका घराच्या पाच भेटी थोडक्यात दिल्या आहेत. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

आप्पांचं वय ७९. मधुमेह बावीस वर्षांचा, हृदयाचं पंपिंग ३० टक्के, वर्षभरात दोनदा पडलेले. फाइल मुलाच्या मांडीवर. आप्पा खिडकीबाहेर बघत बसलेले.

"मॅडम, क्रिएटिनिन चारच्या वर गेलं की डायलिसिस करावंच लागतं. मग थांबायचं कशाला?"

ह्या 'च'पाशी मी नेहमी थांबते. 'करावं लागेल' हे वैद्यकीय वाक्य आहे. 'करावंच लागतं' ह्यात भीती मिसळलेली असते, आणि त्या भीतीशी बोलल्याशिवाय आकड्यांशी बोलून उपयोग नसतो. तरी आकडे आधी घेतले, कारण ते मुलाच्या हातात होते.

क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा. तो स्नायूंमधून येतो, म्हणून तो आकडा एकटा वाचायचा नसतो. त्यात वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज. तो जितका कमी, तितकी किडनी थकलेली. क्रिएटिनिन १.४ असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ६९ येतो, पंचाहत्तरीच्या पुरुषाचा ५२. आप्पांचा आला १४. तीन वर्षांपूर्वीचा जुना रिपोर्ट फाइलच्या तळाशी सापडला: क्रिएटिनिन ३.४, ईजीएफआर १८. म्हणजे तीन वर्षांत चार अंकांची घसरण.

"ह्याच चालीनं गेलं तर आठावर, म्हणजे डायलिसिसची वेळ जवळ येते तिथे, यायला किती वर्षं?" मी विचारलं.

मुलानं बोटं मोजली. "चार... साडेचार?"

तेवढा वेळ मिळेलच असं नाही. एखादा जुलाबाचा आजार, छातीतला जंतुसंसर्ग किंवा गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी किडनीला एका आठवड्यात खाली आणू शकते. रक्तदाबाची काही औषधं आणि लघवीची गोळी चालू असताना वरून दुखण्याची गोळी घेतली तर जास्तच. पण 'चारच्या वर म्हणजे उद्या' हा हिशोब मात्र चुकीचा होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ८२८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१०) डायलिसिस लवकर सुरू केलेले आणि लक्षणं येईपर्यंत थांबलेले, ह्यांच्या जगण्यात फरक आढळला नाही. आकड्यासाठी डायलिसिस सुरू करत नाहीत. दम लागणं, न हटणारी मळमळ, न उतरणारं पोटॅशियम ह्यांसाठी करतात.

वयाचा खरा परिणाम इथे दिसतो. अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त माजी सैनिकांच्या नोंदींवरून २००७ मध्ये असं दिसलं, की चव्वेचाळीसपर्यंतच्या रुग्णाचा ईजीएफआर ४५ खाली गेला की मृत्यूपेक्षा किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका मोठा ठरतो. ६५ ते ८४ ह्या वयात ती वेळ १५ खाली येते. त्याआधी हृदय किंवा दुसरंच काही आधी गाठतं. चाळिशीतल्या माणसाची किडनी वाचवायला जिवाचं रान करायचं असतं. ऐंशीच्या माणसाच्या बाबतीत किडनीकडे बघता बघता बाकीचा माणूस नजरेआड होतो.

तसा तो झालाही होता. दुसऱ्या भेटीत मुलगा खुशीत सांगत होता, "एक चांगलं आहे, आप्पांची शुगर आता गोड खाऊनही वाढत नाही."

"आप्पा, तुम्ही पडलात तेव्हा किती वाजले होते?"

"पहाटंचं. संडासला निघालो, घाम फुटला आन् डोळ्यापुढं अंधारी."

"दोन्ही वेळेला?"

"दोन्ही येळेला."

किडनी थकली की इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. जुना डोस भारी पडतो आणि पहाटे साखर खाली जाते. घरात सगळे म्हणत होते, वयानं पडले. त्याच दिवशी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं, गोळीचा डोस बदलला. त्यानंतर आप्पा पडले नाहीत. 'वयामुळे' हा शब्द कानावर आला की मी तो उचलून त्याच्याखाली बघते. बहुतेक वेळा खाली औषध सापडतं, कधी प्रोस्टेटनं अडलेली लघवी, आणि ह्या दोन्हींवर इलाज असतो.

तिसऱ्या भेटीत कोऱ्या कागदावर सात चौकोन आखले आणि पेन्सिल आप्पांच्या हातात दिली. ते एसटीचे ड्रायव्हर होते, वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मशीनवर चार तास. सुई लावणं, काढणं, वजन, रक्तदाब ह्यांचा आणखी तासभर. केंद्र पस्तीस किलोमीटरवर. पाणी काढताना म्हाताऱ्या हृदयाचा रक्तदाब पडतो, म्हणून त्या दिवशी संध्याकाळी पडूनच राहावं लागेल. आप्पांनी तीन चौकोन गडद केले. मग पुढच्या तिन्हींवर अर्धी अर्धी रेघ मारली.

"ह्या दिवशी दमून." पेन्सिल गुरुवारवर ठेवली. "बाजार गेला." थोड्या वेळानं, "सकाळी डेअरीला दूध घालाया कोण जाईल?"

रोज सहाला किटली घेऊन ते चालत डेअरीवर जात, तिथे तासभर बसत. पाच भेटींत ज्या गोष्टीवर त्यांनी बोट ठेवलं ती हीच. मग त्यांनी मान वर केली आणि इतके दिवस घरात कुणी विचारू न दिलेला प्रश्न विचारला.

"न्हाई केलं, तर मरान कसं येतं, बाई?"

मुलगा म्हणाला, "आप्पा, असं काय बोलताय!" मी त्याला हातानं थांबवलं आणि सरळ उत्तर दिलं. झोप वाढते, भूक जाते, अंगाला खाज सुटते, अंगात पाणी साठून दम लागू शकतो. ह्या प्रत्येकावर औषध आहे: लघवीची गोळी, हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शन, खाजेची गोळी, किडनीला चालेल असं वेदनाशामक. डायलिसिस नको म्हणणाऱ्याचे उपचार थांबत नाहीत, ओपीडीत त्याचा नंबर तसाच लागतो. आप्पांचे खांदे सैल पडले. मुलगा मात्र रडायला लागला.

"लोक म्हणतील, पोरानं पैसे वाचवले."

"लोकं येनारेत का मला मंगळवारी गाडीत घालून न्यायला?"

ह्या घरातला 'च' किडनीचा नव्हताच. आप्पांच्या मरणाबद्दल बोलायचं नाहीच, असा तो होता.

पण आप्पांचा निर्णय उचलून दुसऱ्याला लावू नये. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांतल्या ज्या रुग्णांना डायलिसिस सुरू झालं, त्यातले ५८ टक्के वर्षाच्या आत गेले आणि केवळ १३ टक्क्यांची हालचाल पूर्वीसारखी टिकली, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती आधीच दुसऱ्याच्या आधारावर जगणारी माणसं होती. हृदय धड असलेली, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठू शकणारी, केंद्राजवळ राहणारी चौऱ्याहत्तरीची बाई डायलिसिसवर वर्षानुवर्षं नीट जगते. तिच्या प्रत्यारोपणाचाही विचार होऊ शकतो, केवळ वय त्याच्या आड येत नाही. ब्रिटनमधल्या पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांतही डायलिसिसचा फायदा दिसला. बरेच आजार, विशेषतः हृदयविकार असणाऱ्यांत मात्र तो जवळजवळ विरून गेला. म्हणून डॉक्टरांना 'वयाला झेपेल का' असं विचारू नका. गेल्या तीन वर्षांत घसरण किती, हृदय किती साथ देईल, आणि दोन-तीन महिने करून बघून थांबवता येईल का, हे विचारा. तिसऱ्याचं उत्तर बहुतेकांना माहीत नसतं: हो, थांबवता येतं.

आप्पांनी आता डायलिसिस नको, फिस्टुलाही (डायलिसिसच्या सुईसाठी हातातली शीर आणि धमनी जोडायची छोटी शस्त्रक्रिया) नको, असं ठरवलं. त्याची किंमत त्यांना सांगितली. फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी जास्तच लागतात. ऐनवेळी मन बदललं तर गळ्यात नळी घालावी लागेल आणि तिला जंतुसंसर्ग लवकर होतो. तरीही दोन्ही हात सुयांपासून राखून ठेवायचे ठरले, रक्त तळहाताच्या मागच्या शिरेतून घ्यायचं. रात्री दम लागला तर कोणती गोळी, कुणाला फोन, हे मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावलं.

निघताना आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, पदराच्या गाठीतून स्वतःचा रिपोर्ट काढला. वय ७४, वजन ४१ किलो, क्रिएटिनिन १.१. "माझं तर नॉर्मल है न्हवं?" हिशोब केला, ईजीएफआर ५३. इतक्या कमी स्नायूंच्या बाईत खरा आकडा त्याहूनही कमी असू शकतो. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत गळणारं प्रथिन) त्यांनी कधीच तपासलं नव्हतं. डबी देऊन त्यांना तिसऱ्या खिडकीवर पाठवलं.